कुणाचे आठ?

वसईतल्या नंदाखालच्या एका वाडीत नाना राहतात. पश्चिम रेल्वेत गार्ड होते; विरार-चर्चगेट, चर्चगेट-विरार करण्यात त्यांची उमर गेली. रेल्वेने अलीकडे गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केली आहे, त्याचा नानांना मनस्वी राग. “मॅनेजर काय, बँकेतही असतो. ज्याने दोन बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तो गार्ड,” हे ते कुणालाही ऐकवतात, विचारलेलं नसलं तरी.

निवृत्त माणसाची शिस्त नोकरीतल्या शिस्तीपेक्षा कडक असते, कारण तिच्यावर कुणी साहेब नसतो. नानांच्या घरात पहाटे पाचला चहा, साडेअकराला जेवण आणि संध्याकाळी सातला रोझरी. त्यात पाहुण्यालाही सूट नाही. आणि दर रविवारी रात्री आठच्या ठोक्याला टोरांटोला फोन. लेक, जावई आणि सात वर्षांचा नातू तिथे असतात. नाना पावणेआठलाच शर्ट बदलून, केस विंचरून मोबाइल समोर उभा करून बसत आणि आठ वाजले की बटण दाबत. त्यांच्या बायकोला, जिला अख्खी वाडी बाय म्हणते, त्यांनी हाक मारायची, तिने पदराला हात पुसत कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवायचं, “जेवलीस का गं?” विचारायचं आणि पुन्हा आत जायचं. बाकीचं बोलणं नानांचं.

“कशी आहेस?”

“ठीक आहे, पप्पा.”

“काम?”

“ठीक चाललंय.”

“थंडी?”

“आहे, पण ठीक आहे.”

नाना समाधानाने फोन ठेवत. गाडी वेळेत सुटली, वेळेत पोचली.

पलीकडच्या घरातला मुलगा कुवेतला आहे. त्या घरचा फोन शुक्रवारी असतो, कारण तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवार त्यांचा कामाचा दिवस. तिथल्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला येऊ न शकणाऱ्यांसाठी शुक्रवारीही मिस्सा होतो. नानांना हे कळलं तेव्हा ते दिवसभर अस्वस्थ होते. अडीच तासांचा फरक त्यांनी मान्य केला असता, पण रविवारच सरकवायचा म्हणजे काय? ते शेजाऱ्याला म्हणालेही, “तुम्ही लोकांनी पोराला फार सैल सोडलंय.”

टोरांटोचं गणित कुवेतइतकं सरळ नाही. आपण साडेदहा तास पुढे, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ पहाटे दोनला एकदम तीन करतात, आणि मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा राहतो. लेकीने पहिल्याच वर्षी विचारलं होतं, “पप्पा, उन्हाळ्यात सातला बोललो तर?”

“सातला रोझरी.”

“मग साडेसातला?”

“हे बघ, घड्याळ तुमचं हलतं. आमचं हलत नाही. आठ म्हणजे आठ.”

घड्याळ न हलण्याचा नानांना अभिमान होता, आणि तो त्यांनी वडिलांकडून घेतला आहे असं त्यांना वाटे. वडिलांची गोष्ट ते पाहुण्यांना सांगत. ती मीही ऐकलेली आहे. त्यातला इतिहास खरा आहे, म्हणून इथे थोडा सांगून टाकतो.

नानांचे वडील मोगरा आणि केळी घेऊन मुंबईला जात. विरारहून मुंबईला रोजची गाडी 1867 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. सकाळी पावणेसातला एक जायची आणि संध्याकाळी साडेपाचला बॅक बेहून एक परत निघायची. वडिलांच्या काळापर्यंत गाड्या पुष्कळ झाल्या होत्या. पंचाईत वेगळी होती. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने देशभर एकच प्रमाण वेळ लावली, मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाची. रेल्वे त्या वेळेवर चालायची. मुंबई शहर मात्र अडून बसलं. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात आणि मुंबई त्या रेषेच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला आहे. आमचा सूर्य डोक्यावर यायच्या आधीच आमचे बारा वाजवणारे तुम्ही कोण, असा हा तंटा. मुंबईच्या नगरपालिकेने आपली ‘बॉम्बे टाइम’ पुढे चाळीसहून जास्त वर्षं, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही काळ सोडली नाही. म्हणजे गाडीतून उतरताना स्टेशनच्या घड्याळात सहा वाजलेले असले, तर शहरात पाच वाजून एकवीस मिनिटं झालेली असत. एकोणचाळीस मिनिटं. वसई आणि मुंबईतलं भुलेश्वर यांच्यामध्ये खाडी तर होतीच, वर ही एक वेळेची खाडी.

फुलं घेणारा व्यापारी भुलेश्वरचा, बॉम्बे टाइमवर चालणारा. नानांच्या वडिलांचं सगळं गाडीवर, म्हणजे स्टेशनच्या वेळेवर. सुरुवातीला खूप घोळ झाले. व्यापारी म्हणे “सहाला या”, हे स्टेशनच्या सहाला पोचत आणि बंद फळीसमोर टोपल्यांवर पाणी शिंपडत बसत. मोगरा थांबत नाही, तो आपल्या वेळेला उमलतो. शेवटी वडिलांनी एक रीत घालून घेतली. वेळ सांगायची ती समोरच्याच्या घड्याळात. व्यापाऱ्याला सांगताना “तुमच्या सहाला येतो” म्हणायचं, घरी सांगताना “गाडीच्या दहाला येतो” म्हणायचं. ते म्हणत, दोघांपैकी एकालाच हिशेब करावा लागतो. तो आपण केला की समोरच्याला नुसतं यायचं काम उरतं.

नाना ही गोष्ट फार रंगवून सांगत, टोपल्या, पाणी, बंद फळी सगळं. पण त्यांच्या सांगण्यात तिचं तात्पर्य भलतंच निघे: “बघा, शहर नाही बदललं, तरी आमच्या वडिलांनी रेल्वेची वेळ सोडली नाही!” आपल्याकडे गोष्टी तोंडपाठ असतात, त्यामुळे त्या ऐकायच्या राहून जातात.

आणि आपलं घड्याळ कधी हललंच नाही, हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 पर्यंत, सरकारने इथलं घड्याळही तासभर पुढे ढकललं होतं. नानांच्या वडिलांनी तेही निभावलं असणार. नानांच्या गोष्टीत ते येत नाही.

या वर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी आठला नानांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग पुन्हा. चौथ्यांदा नातवाने उचलला. पडद्यावर त्याचं नाक आणि अर्धा डोळा.

“ममाला दे.”

“ममा झोपलीय.”

“झोपलीय? उठव. आठ वाजले.”

नातवाने बाजूला पाहिलं असावं. “इथे साडेदहा वाजलेत,” तो म्हणाला, “आणि डॅडा सांगतात, उठवायचं नाही.” आणि फोन बंद झाला. मुलं बोलणं संपलं की फोन ठेवतात, त्यात अपमान नसतो. पण नानांना तो झाला.

बाय तेव्हा जमिनीवर बसून सुकेळी बांधत होती. मार्चच्या उन्हात राजेळी केळी सोलून, वाळत घालून, रोज उलटून झाली की ती काळपट तांबूस होतात, बोटाला मधासारखी चिकटतात. मग ती केळीच्याच सुक्या पानात घट्ट गुंडाळून सोपटाच्या दोरीने बांधायची. पान आधी किंचित ओलं करायचं, नाहीतर दुमडताना चिरतं. बायचा हात त्यात असा चालतो की ती बोलताना खाली बघत नाही.

“मुलाकडून निरोप!” नाना म्हणाले. “उठवायचं नाही म्हणे. दिवसाचे साडेदहा, आणि झोप?”

“आज तिकडचं घड्याळ पुढे गेलं,” बाय म्हणाली.

“ते मला ठाऊक आहे. पण एरवी तर साडेनऊला उचलते.”

“साडेनऊपर्यंत कशीबशी जागी राहते. आज आणखी तासभर नाही राहू शकली.”

“जागी राहते म्हणजे?”

बायने दोरीची गाठ मारली. “जानेवारीपासून तिला नाइट आहे. रात्री अकरा ते सकाळी सात. म्हाताऱ्यांच्या त्या होममध्ये. आठला घरी येते आणि तुमच्या फोनसाठी बसून राहते.”

नाना काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी गार्डचा प्रश्न विचारला. “हे तुला कधी कळलं?”

“जानेवारीत.”

“फोनवर तर माझ्यासमोर तू फक्त जेवलीस का विचारतेस.”

तेव्हा बायने पान बाजूला ठेवलं, हात धुतले आणि आपला जुना मोबाइल आणून त्यांच्यापुढे ठेवला. तिचं आणि लेकीचं बोलणं वर्षानुवर्षं व्हॉइस नोटवर चालायचं. बाय पहाटे मोगरा खुडताना बोलून ठेवी. बाजार, भांडणं, कुणाचं लग्न, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. लेक कामावरून परतताना बसमध्ये ते ऐके आणि आपलं बोलून ठेवी. दोघींपैकी कुणालाही कुणाच्या वेळेला जागं राहावं लागत नसे. तिकडे किती वाजले हे लागलंच, तर बायचा हिशेब सोपा होता: दिवसाची रात्र करायची, आणि थंडीत दीड, उन्हाळ्यात अडीच मिळवायचे. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिचे सकाळचे साडेनऊ, नाहीतर साडेदहा. नाना आजवर बोटांवर साडेदहा वजा करत आले होते.

नानांनी एकेक नोट लावली. बसच्या घरघरीत लेकीचा आवाज होता, पण रविवारच्या फोनवर असतो तो नव्हे. गुडघा दुखतो. बर्फावरून घसरली होती, हाड वाचलं. घरमालक भाडं वाढवतोय. नातू शाळेत कुणाशी तरी मारामारी करून आला. होममध्ये एक आजोबा आहेत, ते पूर्वी कारखान्यात होते, जेवण दोन मिनिटं उशिरा आलं तर ताट परत करतात, “अगदी आपले पप्पा बघ.” ही नोट ऐकताना बाय हसली, नाना हसले नाहीत. आणि जानेवारीतल्या एका नोटमध्ये होतं: “नाइट लागली हे पप्पांना सांगू नकोस. ते आठची वेळ काही बदलायचे नाहीत, मग उगाच त्यांनाही वाईट वाटेल आणि मलाही.”

नानांनी ती नोट पुन्हा लावली नाही. ते म्हणाले, “मी इतका का वाईट आहे?”

अशा प्रश्नाला बायका बहुधा “नाही हो” म्हणतात. बाय म्हणाली, “तुम्हाला नाइट असायची ते आठवतं का? शेवटची गाडी विरारला लावून तुम्ही पहाटे यायचात आणि दुपारपर्यंत झोपायचात. भांडं वाजलेलं चालत नसे. मी वाटण शेजारच्या घरी जाऊन वाटून आणायची. आणि ही पोरगी तेव्हा पाचवीत. सुट्टीच्या दिवशी वाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि मासेवालीला, पाववाल्याला सांगायची, ‘ओरडू नका, पप्पा नाइट करून आलेत.’ सगळी वाडी तुमच्या घड्याळावर चालायची. कुणी तुम्हाला आठला उठवलं का?”

नानांना ते आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. झोपलेल्या माणसाला आपल्यासाठी कोण कोण गप्प राहिलं हे कळायचा मार्ग नसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पट्टीने रेघा ओढल्या आणि लेकीच्या ड्युटीची ‘लिंक’ आखायला घेतली: एका रकान्यात आपली वेळ, दुसऱ्यात तिची. रेल्वेत गार्ड-मोटरमनच्या पाळ्यांच्या आखणीला लिंक म्हणतात. ती हातात असली की नानांना जग ताब्यात आल्यासारखं वाटतं. पण लेकीच्या नाइटचे दिवस दर पंधरवड्याला बदलत होते. नव्या पानावर पुन्हा रेघा. तिसऱ्या पानाला बाय म्हणाली, “अहो, तिला विचारा ना.”

“कधी विचारू? ती कधी जागी असते तेच तर काढतोय.”

“बोलून ठेवा. जागी झाली की ऐकेल.”

नानांची पहिली व्हॉइस नोट स्टेशनवरच्या घोषणेसारखी होती. “मी पप्पा बोलतोय. नंदाखालहून. तुमच्याकडे आता,” इथे ते थांबले, दिवसाची रात्र केली, अडीच मिळवले, “तुमच्याकडे आता रात्रीचे साडेनऊ. तू कामावर निघायच्या तयारीत असशील. मला कळलंय. आठचा फोन बंद. तू तुझ्या सोयीने सांग, आम्ही इथे उठू. आम्हाला झोप कमी असते. आणि बर्फावर हळू चाल.” मग ते बटण सोडायला विसरले, आणि पुढे बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज त्यात गेला.

लेकीचं उत्तर आलं. तिच्या रविवारी नाही, शनिवारी दुपारी तिला मोकळीक असते. म्हणजे इथे रात्रीचे अकरा-साडेअकरा. नानांच्या घरात दहाला दिवा मालवतात. आता शनिवारी तो जळतो. कधी कधी तीच म्हणते, “पप्पा, या वेळी तुम्ही झोपा, मी रविवारी उठून करते तुमच्या सातच्या आधी.” कधी ती जागते, कधी हे. पाळी कुणाची यावरून आताशा दोघांची थोडी बाचाबाचीही होते, आणि दोघंही आपल्यावर घ्यायला बघतात. शेजारच्या कुवेतवाल्यांना नाना अजून सैल म्हणतात, पण जरा हळू आवाजात.

एक मात्र झालं. नानांचे प्रश्न बदलले. पूर्वी त्यांना “ठीक आहे” पुरे असायचं, आता ते खोदून विचारतात. घड्याळ पुढे जातं त्या रात्री तिकडच्या गाड्या काय करतात, हे त्यांनी एका नोटमध्ये विचारलं, कारण तो प्रश्न त्यांना खरोखर छळत होता. लेकीने शोधून सांगितलं: शेजारी अमेरिकेत अ‍ॅमट्रॅकच्या रात्रीच्या गाड्या मार्चमध्ये एका क्षणात तासभर लेट होतात आणि तो तास भरून काढत पळतात, नोव्हेंबरात मात्र वेळेवर धावणारी गाडी मधल्या स्टेशनात तासभर नुसती उभी करतात, ती वेळेच्या पुढे जाऊ नये म्हणून. “तासभर? सिग्नल हिरवा असताना?” नाना दोन दिवस हेच बोलत होते. पुढे तिने आणखी सांगितलं, की ही पट्ट्यापट्ट्यांची वेळही रेल्वेवाल्यांनीच काढली. सँडफोर्ड फ्लेमिंग म्हणून कॅनडाचा एक रेल्वे इंजिनिअर होता. 1876 मध्ये आयर्लंडात वेळापत्रकात सकाळऐवजी संध्याकाळ छापली गेली म्हणून त्याची गाडी चुकली. त्यावर विचार करत 1879 मध्ये त्याने टोरांटोतल्याच एका सभेत जगाचे चोवीस पट्टे करण्याची कल्पना मांडली, आणि 18 नोव्हेंबर 1883 ला तिकडच्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाण वेळ लावलीसुद्धा. म्हणजे वेळेची भानगड सुरू केली ती गाडी चुकलेल्या माणसाने, हे ऐकून नाना खूश झाले. एखादा गार्ड बरोबर असता तर त्याला थांबवून घेतलं असतं, असं त्यांचं मत पडलं.

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. तिकडे त्या रात्री दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर आणतात. रात्रीचे दीड दोनदा वाजतात. नानांनी हे आठवडाभर आधीच काढून ठेवलं होतं. लेकीला त्याच रात्रीची ड्युटी होती. तिच्या सकाळी ती बसमध्ये असेल अशा वेळी, म्हणजे इथल्या संध्याकाळी, रोझरीच्या आधी, त्यांनी नोट पाठवली: “रात्री तुझे आठ नाही, नऊ तास भरले. जादा तासाचा ओव्हरटाइम लावला का? नसेल लावला तर सोडू नकोस. मस्टर बघून घे.”

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ओव्हरटाइमचं एकच वाक्य होतं, की सुपरवायझरने आठच तास मांडले होते, ते तिने नऊ करून घेतले. बाकी सगळी नोट त्या सुपरवायझरला तिने काय काय सुनावलं याची होती, आणि ती इतकी लांब होती की बायने मधेच उठून भात उतरवला आणि परत आली तरी ती चालूच होती.